दोन मुठी

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपण बहुतेक वेळा हसतहसतच वापरतो. कोणाच्या पगाराचा विषय निघाला किंवा कोणाच्या घरातली धुसफुस कानावर आली, की ती सोयीची पडते. तिच्यात एक लबाडी आहे आणि ती सगळ्यांना ठाऊक असते: मूठ झाकायची ती आत फारसं काही नसतं म्हणून. सव्वा लाख हा भाव आतल्या ऐवजाचा नव्हे. तो समोरच्याला दिसत नाही, याचा. ही म्हण गुप्त मतदानाला कोणी लावल्याचं ऐकिवात नाही, पण माझ्या डोक्यात ती सध्या तिथंच घुटमळते आहे. एक मत म्हणजे हिशेबाला बसलं तर जवळजवळ शून्य. तरी उमेदवार उंबऱ्यापाशी येऊन हात जोडतो, कारण कोणत्या मुठीत काय आहे हे त्याला कळत नाही. मूठ उघडून दाखवली की तिचा भाव तिथंच संपतो. आपली निघाली तर ‘ते कुठं जाणार’ म्हणून बाजूला पडते आणि परकी निघाली तर लक्षात ठेवली जाते.

पण ही म्हण सत्तेलाही तितकीच लागू पडते, आणि घोळ तिथून सुरू होतो. वर्षानुवर्षं निवडून येणाऱ्या सरकारचीही मूठ झाकलेली असते. लोक खरोखर पाठीशी आहेत की नुसतेच गप्प आहेत, हे कोणाला माहीत नसतं. कधीकधी खुद्द सरकारलाही नसतं. झिंबाब्वेत रॉबर्ट मुगाबे १९८० पासून सत्तेवर होते. २९ मार्च २००८ ला तिथं निवडणूक झाली, तेव्हा कायद्यात एक छोटीशी दुरुस्ती नुकतीच झाली होती: प्रत्येक मतदान केंद्रावरच्या मोजणीचा निकाल त्याच केंद्राबाहेर चिकटवायचा. व्ही-११ नावाचा हा नमुना. शाळेच्या भिंतीवर, सगळ्यांना वाचता येईल असा, उमेदवारांच्या नावांपुढे आकडे लिहिलेला एक कागद. विरोधी पक्षाच्या आणि निरीक्षक संस्थांच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून हे आकडे टिपले, फोटो काढले आणि बेरजा केल्या. राजधानीत निवडणूक आयोग पाच आठवडे निकाल दाबून बसला, तरी मुगाबे मागे पडलेत हे लपलं नाही. २ मे रोजी अधिकृत आकडे आले: विरोधी नेते मॉर्गन त्स्वांगिराई ४७.९ टक्के, मुगाबे ४३.२ टक्के. संसदेतलं बहुमतही, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच, मुगाबेंच्या झानू-पीएफ पक्षाच्या हातून गेलं. अठ्ठावीस वर्षांची झाकली मूठ भिंतीवरच्या कागदांनी उघडली. (योगायोग असा, की झानू-पीएफची खूण होती वळलेली मूठ आणि त्स्वांगिराईंच्या एमडीसी पक्षाची उघडा पंजा. रस्त्यात नुसता हात हलवणंही तिथं राजकीय ठरत होतं.)

आता त्याच कागदाची दुसरी बाजू. कोणालाच पन्नास टक्के नव्हते म्हणून २७ जूनला दुसरी फेरी ठरली आणि मधल्या दिवसांत गावोगाव जे झालं त्याला शोना भाषेत ‘मकावोतेरापापी’ म्हटलं गेलं: तुम्ही मत कुठं टाकलंत? हा प्रश्न खरं तर कोणाला विचारायची गरजच नव्हती. उत्तर भिंतीवर होतं. अमक्या शाळेवर मुगाबेंना इतकी, त्स्वांगिराईंना इतकी. माणसाचं नाव नव्हतं, पण गावाचं होतं. ५ मे रोजी, म्हणजे अधिकृत निकालानंतर तिसऱ्या दिवशी, माशोनालँड सेंट्रल प्रांतात चिवेशे भागातल्या चाओना गावी लोकांना सभेला बोलावण्यात आलं आणि मारहाण सुरू झाली. ह्यूमन राइट्स वॉचच्या नोंदीप्रमाणे सहा पुरुष मारले गेले, सत्तरएक स्त्री-पुरुषांचा छळ झाला आणि शहात्तर वर्षांच्या एका म्हातारीला सगळ्यांदेखत बडवण्यात आलं. बऱ्याच ठिकाणी असे तळ शाळांमध्येच पडले होते. रात्र रात्र सभा चालायच्या, घोषणा म्हणून घ्यायच्या, ‘चूक’ कबूल करून घ्यायची. स्वातंत्र्ययुद्धातल्या रात्रसभांचाच साचा आता गोरगरिबांवर उलटला. २२ जूनला त्स्वांगिराईंनी माघार घेतली आणि डच वकिलातीचा आसरा घेतला. मतदान तरीही झालं. मार्चमध्ये मुगाबेंना साधारण पावणेअकरा लाख मतं होती, जूनमध्ये साडेएकवीस लाख. बारा-तेरा आठवड्यांत दुप्पट.

इथं एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. गावात कोण कोणाचा, हे कळायला कागद कशाला लागतो? टी-शर्ट कोणी घातला, सभेला कोण गेलं, मतदान केंद्रावर विरोधी पक्षाचा एजंट म्हणून कोण बसलं, हे गाव जाणतंच. मार खाणाऱ्यांत असे उघड कार्यकर्ते पुष्कळ होते आणि निवडणुकीच्या कामावर नेमलेले शिक्षकही होते. मान्य. तरी एक गोष्ट उरते. हिंसेचा जोर विरोधकांच्या जुन्या शहरी बालेकिल्ल्यांत नव्हता. तो माशोनालँडच्या ग्रामीण पट्ट्यात होता, जो आजवर मुगाबेंचा मानला जायचा आणि यावेळी काही प्रमाणात फिरला होता. कार्यकर्ते कोण हे पक्षाला आधीपासून माहीत होतं. आपलं म्हणून धरलेलं कोणतं गाव हातचं गेलं, हे नव्हतं. ते आकड्यांनी दाखवलं. शिवाय एखाद्या केंद्रावर दोनशे विरोधी मतं निघाली आणि उघड कार्यकर्ते पाचच असले, तर उरलेले एकशेपंच्याण्णव कोण, हे हुडकायचं तर सगळ्या गावालाच उभं करावं लागतं. व्यक्तीचं गुपित शाबूत राहिलं म्हणूनच शिक्षा सामुदायिक झाली, असंही यातून निघतं. हा निष्कर्ष मला स्वतःलाच नकोसा वाटतो, पण तो कुठं चुकतो ते सापडत नाही.

मग भिंतीवर कागद लावूच नये का? तेही जमत नाही. कागद नसता तर राजधानीतल्या एका खोलीत हवा तो आकडा लिहिला गेला असता आणि कोणाला काही सिद्ध करता आलं नसतं. केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक रद्द केली, त्या खटल्यात केंद्राकेंद्रांवरचे निकालाचे फॉर्मच कळीचे होते. व्हेनेझुएलात २०२४ मध्ये सरकारी आयोगाने सत्तेवरचे अध्यक्ष मादुरो जिंकल्याचं जाहीर केलं आणि तपशील दिलाच नाही. विरोधकांनी बहुतेक केंद्रांवरच्या मोजणीच्या प्रती गोळा करून जगासमोर ठेवल्या म्हणून तो दावा तपासता तरी आला. (त्यानंतर तिथंही दोन हजारांवर लोकांची धरपकड झाली, हे सोडता येत नाही.) म्हणजे मतदाराची मूठ झाकलेली हवी आणि सत्तेची उघडी हवी, हे म्हणणं सोपं आहे, पण दोन्ही मुठी एकाच कागदाने उघडतात. याहून वाईट विचार असा: मोजणीतली चोरी अवघड केली म्हणूनच सत्तेला मतदारापर्यंत जावं लागलं का? कचेरीत बसून शाईने होणारं काम अंगणात काठीने करावं लागलं का? मुगाबेंनी जूनमध्ये जाहीर सभेत विचारलंच होतं, की बॉलपेन बंदुकीशी कसं लढणार. सुधारणेने फसवणुकीची जागा मारहाणीला दिली असं म्हटलं, तर चोराचा दोष कुलपाला दिल्यासारखं होईल. पण कुलूप बसवणाऱ्याने खिडकीकडे पाहायला नको होतं का, हा प्रश्न तरीही उरतो.

आपल्याकडे खिडकीकडे पाहिलं गेलं होतं, हे इथं नोंदवायला हवं. १९५१-५२ च्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि आडोशामागे जाऊन हव्या त्या पेटीत मतपत्रिका टाकायची होती. पुढे शिक्क्याची पद्धत आली. दहशतीची शक्यता असेल तिथं वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायची तरतूद निवडणूक नियमांत आली (५९ अ). कोणत्या गावाने काय केलं ते ढिगात हरवायचं. मतदान यंत्र आलं आणि ढीग गेला. यंत्र एका केंद्राचं, आकडा एका केंद्राचा. २००८ मध्येच, म्हणजे मकावोतेरापापीच्याच वर्षी, निवडणूक आयोगाने ‘टोटलायझर’ सुचवला: चौदा यंत्रं जोडून एकच बेरीज दाखवणारं उपकरण. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला दुजोरा दिला. केंद्र सरकारने नकार दिला. त्याचं एक कारण असं दिलं गेलं, की केंद्रवार आकडे कळले तर कुठं जास्त काम करायला हवं हे पक्षांना समजतं. हे कारण खोटं नाही. पण २०१९ मध्ये मनेका गांधींनी प्रचारसभेतच सांगितलं, की आम्ही मतांच्या टक्केवारीवरून गावांची अ-ब-क-ड अशी प्रतवारी करतो आणि कामं त्या क्रमाने होतात. आयोगाने ताकीद दिली. त्याआधी २०१४ मध्ये बारामती मतदारसंघातल्या एका गावाला ‘मत दिलं नाही तर पाणी तोडू’ असं धमकावल्याचा आरोप एका बड्या नेत्यावर झाला होता. त्यांनी तो नाकारला. चाओना आणि ही प्रतवारी यांना एकाच पारड्यात ठेवणं अन्यायाचं होईल. एकीकडे प्रेतं आहेत, दुसरीकडे न झालेला रस्ता. मात्र दोघांच्या हातात यादी एकाच जातीची आहे.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाला हे सगळंच पटलं नसतं. वडिलांनी गुप्त मतदानाची बाजू हिरिरीने मांडली होती, मुलगाही आधी त्याच मताचा होता, पुढे फिरला. १८६१ मध्ये त्याने लिहिलं त्याचा सारांश असा: मत ही खाजगी मालमत्ता नाही, ती इतरांच्या वतीने सांभाळलेली ठेव आहे, तेव्हा ती लोकांच्या डोळ्यांदेखत वापरावी. जमीनदाराच्या धाकाचे दिवस आता सरत आले, असा त्याचा अंदाज होता. ब्रिटनने १८७२ मध्ये त्याचं न ऐकता गुप्त मतदानाचा कायदा केला. मिलला उत्तर देणं आज सोपं वाटतं. पण त्याच्या म्हणण्यात एक अडचणीचा काटा आहे. झाकून दिलेल्या मताला साक्षीदार नसतो. विरोधी पक्षाला मत देणारा एकेकटा माणूस गुप्ततेने वाचतो, पण त्याला आपल्यासारखे किती आहेत ते कळत नाही. भिंतीवरचा कागद पाहून चिवेशेतल्या माणसाला पहिल्यांदा कळलं असेल, की आपण एकटे नव्हतो. ते कळणं आणि मार खाणं पाठोपाठ आलं, हे खरं; म्हणून कळणं टाकाऊ ठरतं का?

आणि मुळात मूठ उघडण्याझाकण्याचा प्रश्न येण्यासाठी मतदान तरी व्हायला हवं. पश्चिम बंगालच्या २०१८ च्या पंचायत निवडणुकीत ५८,६९२ जागांपैकी २०,१५९ जागा बिनविरोध गेल्या, म्हणजे दर तीन जागांमागे एकीहून अधिक. अर्ज भरायलाच जाऊ दिलं नाही, अशा विरोधकांच्या तक्रारी होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये निकाल रद्द करायला नकार दिला आणि दाद मागायला निवडणूक याचिकेची वाट दाखवली. इथं टोटलायझर काय करणार? चौदा यंत्रं जोडायला आधी मतदान तर व्हावं लागतं. आपल्या महाराष्ट्रात तर बिनविरोध या गोष्टीला मान आहे. गाव एकोप्याने राहिलं, खर्च वाचला, भाऊबंदकी टळली. ग्रामपंचायत बिनविरोध करा आणि इतका निधी घ्या, असं आमदार उघड जाहीर करतात आणि त्यात कोणाला वावगं दिसत नाही. मग २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथं पदांचा लिलाव झाल्याचं उघड झालं. उमराण्यात बोली दोन कोटींवर गेली होती. राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. पैसे मंदिरासाठी होते, कोणाच्या खिशात जाणार नव्हते, असा बचाव झाला. असेलही. पण त्या गावात एखाद्याला उभं राहायचंच असतं, तर ‘गावाच्या विरोधात’ जाण्याचा धाक त्याला वाटला नसता असं कोण म्हणेल? काठी न उगारता जमलेला एकोपा आणि काठी दिसली म्हणून जमलेला एकोपा निकालपत्रात सारखाच दिसतो. त्स्वांगिराईंची माघारही कागदावर शेवटी उमेदवाराचा स्वतःचा निर्णयच होता.

टोटलायझर यावा, असं या लेखाच्या सुरुवातीला मला बऱ्यापैकी वाटत होतं. अजूनही वाटतं, पण चौदा गावांवर एकाच माणसाचा वचक असेल तर चौदांची बेरीजही त्याला पुरेशी बोलकी आहे. आणि यंत्रांवर ज्यांचा विश्वास उरलेला नाही, त्यांना केंद्रवार आकडाही न दाखवून आपण काय सांगणार? २०२४ मध्ये केंद्रवार मतदानाच्या १७-सी फॉर्मचे आकडे संकेतस्थळावर टाका, म्हणून लोक न्यायालयात गेले होते. ती मागणी करणारे आणि केंद्रवार निकाल झाका म्हणणारे बऱ्याचदा एकाच गोटातले असतात आणि दोन्ही वेळा त्यांचं बरोबरच असतं.

झिंबाब्वेची गोष्ट २००८ ला थांबत नाही, आणि मला ती तिथं थांबलेली चालली असती. ३१ जुलै २०१३ ला पुन्हा निवडणूक झाली. फॉर्म याही वेळी बाहेर लागले. मतदारयाद्यांबद्दल गंभीर तक्रारी होत्या, पण मारहाण पाच वर्षांपूर्वीच्या मानाने फारच कमी होती आणि आफ्रिकी निरीक्षकांनी शांततेची वाखाणणी केली. मुगाबे ६१ टक्के मतांनी जिंकले. नव्वद टक्क्यांहून अधिक साक्षरता सांगणाऱ्या त्या देशात दोन लाखांवर लोकांनी मत देताना दुसऱ्याची मदत घेतली, म्हणजे आपली मूठ दुसऱ्या कोणासमोर उघडली. त्यातले खरोखर अडलेले किती, कोणी सांगितलं म्हणून ‘अडाणी’ झालेले किती, आणि कोणी काही सांगितलं नसतानाही २००८ आठवून स्वतःहून मदतनीस मागणारे किती, हे कोणत्याही केंद्राच्या कागदावर लिहिलेलं नसतं. त्या ६१ टक्क्यांतली मतं कोणती आणि आठवणी कोणत्या, हे वेगळं काढायची रीत मला तरी सुचत नाही. आणि ती सुचेपर्यंत शांततेत पार पडलेल्या निवडणुकीबद्दल नेमकं काय म्हणायचं, तेही ठरत नाही.