आपण, आम्ही आणि ते

व्याकरणाच्या तासाला सर्वनामांचा विषय निघाला की विद्यार्थी सहसा कंटाळतात. 'आम्ही' आणि 'आपण' यांतला भेद मात्र त्यांना शिकवावा लागत नाही. तो त्यांच्या जिभेवर आधीच असतो. 'आम्ही सिनेमाला चाललो' हे वाक्य ऐकणाऱ्याला दाराबाहेर उभे करते आणि 'आपण सिनेमाला जाऊ' हे वाक्य त्याला आत घेते. प्रमाण हिंदीतल्या 'हम'ला हे जमत नाही, इंग्रजीतल्या 'वुई'लाही नाही. तेलुगू आणि तमिळमध्ये असा भेद आहे, आणि मराठीतील या भेदाचा संबंध अनेक अभ्यासक द्रविड भाषांशी जोडतात. हा भेद व्याकरणाच्या पुस्तकाबाहेर किती खोल जातो, हे मला कळले ते फुटबॉलवर भांडणाऱ्या माणसांमुळे.

मी कोल्हापूरची. इथे फुटबॉल हा टीव्हीवरून आलेला शौक नाही. तालमींनी कुस्तीबरोबर हा खेळही सांभाळला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे आमच्याकडे आडनावांसारखी उच्चारली जातात, आणि शाहू स्टेडियमवर स्थानिक सामना असला की पेठांमधल्या गल्ल्या ओस पडतात. विश्वचषक आला की याच पेठा ब्राझील आणि अर्जेंटिना अशा वाटल्या जातात. ज्यांनी तो देश नकाशाखेरीज कुठे पाहिलेला नाही, अशी माणसे त्या देशाच्या पराभवाने जेवत नाहीत. याला कोणी हसले तर हसू द्यावे. आपण साहित्याची माणसे तर कधीच न जन्मलेल्या पात्रांसाठी रडतो.

22 नोव्हेंबर 2022 रोजी लुसैलच्या मैदानावर अर्जेंटिना आपला पहिलाच सामना सौदी अरेबियाकडून 1-2 असा हरली. त्याआधी हा संघ 36 सामने अपराजित होता. दहाव्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टीवर गोल केला, मग अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरले, आणि उत्तरार्धाच्या सुरुवातीला पाच मिनिटांच्या अंतराने सौदीने दोन गोल केले. पुढचा सामना 26 तारखेला, मेक्सिकोशी होता. मधले चार दिवस आमच्या गल्लीत जी चर्चा चालली, ती मी माहेरच्या ओसरीवर बसून ऐकली. "आपण त्यांच्या सापळ्यात सारखं सारखं का सापडलो?" "आपली मधली फळी चालतच न्हवती." "त्या पोरास्नी पहिल्यापास्नं घ्याला पायजे होतं आपण." ही 'पोरं' म्हणजे एन्झो फर्नांडिस, हुलियन अल्वारेझ आणि मॅक अ‍ॅलिस्टर. पुढच्या सामन्यांत ती संघात आली आणि 18 डिसेंबरला अर्जेंटिनाने विश्वचषक जिंकला, ही गोष्ट निराळी. माझे लक्ष 'आपण'कडे होते. पराभव इतका ताजा असतानाही कोणाच्या तोंडी 'ते' आले नाही. शिव्या सगळ्या होत्या, पण त्या घरातल्या माणसाला घातलेल्या होत्या.

यानंतर चौदा महिन्यांनी, 13 जानेवारी 2024 रोजी, त्याच कतारमध्ये आशियाई चषकात भारताचा पहिला सामना ऑस्ट्रेलियाशी झाला. तेव्हा ऑस्ट्रेलिया जागतिक क्रमवारीत 25वी होती आणि भारत 102वा. अन्वर अली, जॅक्सन सिंग आणि आशिक कुरुनियन हे तिघेही संघात नव्हते. तरी मध्यंतराला 0-0 अशी बरोबरी होती, आणि पूर्वार्धात सुनील छेत्रीला हेडर मारण्याची चांगली संधीही मिळाली होती. चेंडू बाहेर गेला. पन्नासाव्या मिनिटाला गोलरक्षक गुरप्रीतने पुढे येऊन एक क्रॉस हाताने ढकलला, तो पुरेसा दूर गेला नाही आणि जॅक्सन अर्विनने गोल केला. त्र्याहत्तराव्या मिनिटाला, नुकत्याच मैदानात आलेल्या जॉर्डन बॉसने दुसरा. सामना 0-2 असा संपला. पुरुषांच्या आशियाई चषकात सामन्याचे पंचपद सांभाळणारी पहिली स्त्री म्हणून जपानच्या योशिमी यामाशिता यांची नोंदही याच सामन्यात झाली.

दुसऱ्या दिवशी भोगी होती. माहेरी बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी खायला माणसे जमली होती, आणि त्यांतले निम्मे ओसरीवरचे तेच जुने अर्जेंटिनावाले होते. विषय निघाला. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "लई भारी खेळली की गं ताई पोरं. ऑस्ट्रेलियासंगं दोनच गोल खाल्ले." शेजारचे काका, जे तरुणपणी तालमीच्या संघातून खेळलेले, बोटांवर हिशेब करत म्हणाले, "दोन हजार अकराला ह्यांच्याकडनंच चार खाल्ले हुते त्यांनी. आता दोन. म्हंजे सुधारणा हाय." हिशेब खरा होता. 2011च्या आशियाई चषकात, दोह्यातच, भारत पहिला सामना ऑस्ट्रेलियाकडून 0-4 असा हरला होता. सगळे हसले, कोणी तरी तीळगुळाचा डबा पुढे केला आणि चर्चा ऊसदरावर गेली.

मला त्या हसण्यापेक्षा सर्वनामाने थांबवले. 'खाल्ले त्यांनी.' सात समुद्रांपलीकडचा संघ 'आपण' होता आणि ज्याच्या छातीवर आपलाच झेंडा आहे तो संघ 'ते' होता. देशभक्तीचा प्रश्न इथे आणण्यात अर्थ नाही. ओसरीवरची ही सगळी माणसे क्रिकेटच्या सामन्यात 'आपण'च म्हणतात. 2017मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा पहिल्याच सामन्यात दिल्लीत भारत अमेरिकेकडून 0-3 असा हरला होता. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, आणि आमच्याकडे लोक 'आपला अनिकेत' असे अभिमानाने म्हणत. 'आपला' त्या मुलापर्यंत पोहोचला होता. त्याच्या अंगातल्या निळ्या जर्सीपर्यंत तो पोहोचला नव्हता.

रॉबर्ट सियाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मानसशास्त्रात बराच गाजलेला आहे. अमेरिकी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठाच्या संघाविषयी विचारले असता, संघ जिंकल्यावर 'आम्ही' अधिक ऐकू आले आणि हरल्यावर ते कमी झाले. (तो फुटबॉल अमेरिकेतला, आपल्या ओळखीचा नव्हे, पण मुद्दा तोच.) दुसऱ्याच्या यशाच्या उन्हात माणसे अंग शेकून घेतात, असा त्याचा मथितार्थ. परंतु आमच्या ओसरीवर हा सिद्धान्त पुरा पडत नाही. अर्जेंटिना हरली तरी 'आपण' टिकले, आणि भारताच्या बाबतीत 'ते' हे सामना सुरू होण्याआधीच ठरलेले होते. निकालाने सर्वनाम बदलले नाही. मला वाटते ते अपेक्षेने ठरते. ज्याच्याकडून आपल्याला काही हवे आहे, त्याच्याविषयी आपण 'आपण' म्हणतो; ज्याच्याकडून काहीच नको आहे, त्याचे आपण कौतुक करतो.

कौतुक हा शब्द मी मुद्दाम वापरते. शेजारच्या मुलाला गणितात चाळीस गुण मिळाले तर आपण त्याच्या आईला 'पास झाला की, छान' असे म्हणतो. स्वतःच्या मुलाला त्याच चाळीस गुणांसाठी रात्री दहापर्यंत समोर बसवतो. क्षमा पुष्कळदा मनाच्या मोठेपणातून येते हे खरे, पण काही क्षमा निव्वळ अंतरातून येते. भोगीच्या दिवशी ओसरीवर जी उदारता होती, ती या दुसऱ्या जातीची होती.

संक्रांतीनंतर महाविद्यालय सुरू झाले तेव्हा ग्रंथालयाबाहेरच्या कट्ट्यावर मुलांचा तोच विषय चालला होता, आणि सूरही तोच होता. त्यात द्वितीय वर्षाचा एक मुलगा होता, गडहिंग्लजकडचा. तिकडेही फुटबॉल रक्तातच असतो. तो एकटा चिडलेला होता. मला पाहून त्याने जणू न्यायाधीश सापडल्यासारखे बोलायला सुरुवात केली. "मॅडम, मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य होतं. पन्नासाव्या मिनिटाला आपण आपल्या हातानं गोल दिला. तो क्रॉस एक तर धरायचा, नाही तर लांब घालवायचा. आणि चेंडू मिळाला की आपण तिसऱ्या पासला घालवत होतो. बचाव केला म्हणून कौतुक करायचं, मग चेंडू कोण खेळणार?" बाकीची मुले हसत होती. एकाने त्याच्या खांद्यावर हात टाकून विचारले, "भावा, तुझं काय जातंय?" तो म्हणाला, "माझंच जातंय."

त्या कट्ट्यावर टीका करणारा तो एकटा होता आणि 'आपण' म्हणणाराही तो एकटाच होता. त्याला त्या सामन्यातले प्रत्येक मिनिट आठवत होते. 'छान खेळले' म्हणणाऱ्यांपैकी दोघांनी तर सामना पाहिलेलाच नव्हता. बारकावा रागातून आला होता आणि राग आशेतून.

इथे मला आमच्या स्वतःच्या व्यवसायाची आठवण होते. मराठीच्या अध्यापकांच्या बैठकीत एखाद्या नव्या कादंबरीविषयी 'मराठीच्या मानाने चांगली आहे' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. हे वाक्य बोलणारा माणूस सहसा प्रेमळ असतो आणि लेखकाला दुखवू इच्छित नसतो. पण 'दोनच गोल खाल्ले'मधला 'च' आणि 'मराठीच्या मानाने'मधला 'मान' हे सख्खे भाऊ आहेत. रशियन किंवा लॅटिन अमेरिकी कादंबरी आवडली नाही तर आपण तासभर वाद घालतो, कुठे बिघडले ते शोधतो. आणि आपल्या भाषेतल्या पुस्तकाला तीन ओळींच्या आशीर्वादात निकालात काढतो. ज्या भाषेत आपण जगतो तिच्या साहित्याविषयी आपण 'आपण' म्हणतो की 'ते', हे आपल्या समीक्षेच्या भाषेवरून कळू शकेल. कठोर समीक्षा पुष्कळदा अन्यायकारक असते, हे मान्य. तरी तिने पुस्तक वाचलेले असते.

खेळाडूंना हे आपल्याआधी कळते, असे दिसते. 1 जून 2018 रोजी मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर, भारताने चिनी तैपेईला 5-0 असे हरवले. छेत्रीने तीन गोल केले. प्रेक्षक होते अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक चित्रफीत प्रसृत करून लोकांना हात जोडले. त्यात त्याने पाठिंबा मागितलाच, पण त्याहून वेगळेही काही मागितले: मैदानात या, आम्हाला नावे ठेवा, ओरडा, शिव्या द्या, आमची चर्चा करा. 4 जूनला, भर पावसात, केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटे संपली. तो त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता आणि भारत 3-0 असा जिंकला. त्या आवाहनाविषयी तेव्हा खूप हळवेपणाने बोलले गेले. मला त्यातला शिव्यांचा उल्लेख महत्त्वाचा वाटतो. आपल्यावर रागावणारे कोणी नाही, ही एकटेपणाची केवढी मोठी खूण आहे, हे एका कर्णधाराने भर चौकात सांगितले होते.

2024च्या त्या स्पर्धेत पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. 18 जानेवारीला उझबेकिस्तानकडून 0-3, 23 जानेवारीला सीरियाकडून 0-1. तीन सामने, सहा गोल स्वीकारले, एकही केला नाही. म्हणजे पहिल्या सामन्यानंतर चिडलेल्या मुलाचे निदान बरोबर होते आणि तीळगुळ वाटणाऱ्यांचा 'सुधारणा हाय' हा हिशेब चुकला. पण तो बरोबर ठरला म्हणून मी हे लिहीत नाही. पहिल्या सामन्यानंतर शेवट कोणालाच माहीत नसतो. अर्जेंटिनाही तशीच सुरू झाली होती. सुरुवातीच्या पराभवावरचा वाद हा भविष्य सांगण्यासाठी नसतोच. या संघाचे पुढे काय होते त्यात माझा वाटा आहे, एवढेच तो वाद घालणारा माणूस सांगत असतो.

14 ऑक्टोबर 2025 रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारत सिंगापूरकडून 1-2 असा हरला आणि 2027च्या आशियाई चषकाची पात्रताच हुकली. आधी गोल भारताने केला होता. त्या रात्री गडहिंग्लजच्या त्या मुलाचा, जो आता नोकरी करतो, मला लांबलचक संदेश आला. दुसरा गोल कसा झाला, बदली खेळाडू कधी यायला हवे होते, असे सगळे त्यात होते. शुद्धलेखनाच्या नऊ चुका होत्या. 'आपण' हा शब्द अकरा वेळा आला होता. मी त्याला उत्तर लिहिले, आणि त्यात दोन मुद्द्यांवर त्याच्याशी भांडले.