न घेतलेलं कर्ज

बँकेतल्या नोकरीत माझी बरीच वर्षं कर्ज विभागात गेली. मुद्दल, व्याज, हप्ता, थकबाकी, जामीनदार या शब्दांतच मी वावरले. शाखा मुंबई सेंट्रलजवळ होती आणि बस कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीच्या कडेने जायची. दारात उभ्या असलेल्या बाया दिसल्या की मी मान दुसरीकडे वळवत असे. त्या इथे कशा आल्या, याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं: गरिबी, नशीब, नाहीतर त्यांची मर्जी. त्यापुढे कधी विचार गेला नाही. 1996 च्या फेब्रुवारीत पोलिसांनी मुंबईत छापे घालून शेकडो मुली सोडवल्या आणि त्यांत नेपाळच्या मुली पुष्कळ होत्या, ही बातमी मी वाचली होती. ‘चला, सुटल्या बिचाऱ्या,’ म्हणून पान उलटलं होतं.

सुटल्यानंतर काय होतं, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं, आणि ते शिकवलं एका मुलीने. ‘लिहा, पण नाव-गाव नको,’ असं तिने सांगितलं आहे. कायदाही अशी ओळख उघड करू देत नाही. ती पश्चिम बंगालची, एवढंच सांगते.

एका सहकारी मैत्रिणीने मला एका संस्थेच्या बालगृहात नेलं. देहविक्रीतून सोडवलेल्या अल्पवयीन मुली तिथे राहत. पैसे भरायची-काढायची स्लिप, पासबुक, एटीएम असं सगळं त्यांना शिकवायचं माझ्याकडे आलं. अधीक्षिकाबाईंनी पहिल्या दिवशी एकच बजावलं, ‘मागचं काही विचारायचं नाही. सांगावंसं वाटलं तर त्या सांगतील.’ मी मान डोलावली खरी, पण मनातून वाटत होतं की मायेने विचारलं तर काय बिघडेल? त्या मुलींना मायेचा तुटवडा आहे आणि ती आपल्याकडे भरपूर आहे, या समजुतीत मी होते.

एका तासाला मी सरळव्याज शिकवत होते. ही बंगालची मुलगी मागच्या बाकावर असायची, फारसं बोलायची नाही. त्या दिवशी तिने विचारलं, ‘टीचर, कर्ज किती वर्षांत फिटतं?’

मी सवयीने सांगितलं, मुद्दल किती, दर काय, मुदत किती, त्यावर अवलंबून आहे.

‘मुद्दल मला माहीत नाही,’ ती म्हणाली. ‘ते माझ्या हातात कधी आलंच नाही.’

मग तिने वहीत एकाखाली एक बाबी लिहिल्या. दलालाला दिलेली किंमत. कपडे, पावडर. खाटेचं भाडं. जेवण. डॉक्टर. पोलिसांचा हप्ता. आजारपणात बुडालेली कमाई. वर या सगळ्यावर व्याज. समोर आकडा एकही नव्हता, कारण हिशेब कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीच्या डोक्यात असे आणि तो ती कधी सांगत नसे. गिऱ्हाइकाचा पैसा परस्पर तिच्याकडेच जाई. ‘फेडल्याशिवाय गेलीस तर चोर ठरशील,’ असं पहिल्या दिवसापासून पढवलेलं. म्हणून छापा पडला तेव्हा ही मुलगी माळ्यावर लपली होती. सापडल्यावर तिने वय एकवीस सांगितलं, तेही पढवलेलंच. आपण वाचवायला येणाऱ्यांची गोष्ट ऐकतो, तेव्हा ज्यांना वाचवायचं त्या लपून का बसतात, हे कुणी सांगत नाही.

सुटून काही महिने झाले होते, तरी ते कर्ज तिच्या हिशेबी संपलेलं नव्हतं. गावी धाकटी बहीण होती. आपल्याकडून वसूल झालं नाही तर ते तिच्याकडून वसूल करतील, ही तिची भीती. कुलूप बालगृहाच्या दाराला होतं, पण तिला अडकवून ठेवलं होतं त्या वहीतल्या बाबींनी.

मी संस्थेच्या वकिलांना गाठलं. माझी सगळी हयात कर्जाच्या कागदांत गेली होती, पण त्यांनी सांगितलेलं मला ठाऊक नव्हतं. राज्यघटनेच्या कलम 23 ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना बंदी आहे. 1976 च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने वेठीचं प्रत्येक कर्ज रद्द झालेलं आहे. अशा कर्जापोटी पैसे स्वीकारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पुढच्या तासाला मी उत्साहाने तिला म्हटलं, ‘तू कुणाचं काही देणं लागत नाहीस.’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मग मी जे दिलं, ते?’

या प्रश्नामागे मला पुढची काही वर्षं चालावं लागलं. भरपाईच्या वाटा आहेत. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 357अ आल्यापासून पीडितांना भरपाई देण्याच्या योजना राज्यांनी केल्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. वेठबिगारांच्या पुनर्वसनाच्या 2016 च्या केंद्रीय योजनेत कुंटणखान्यातून सुटलेल्या स्त्रियांसाठी 3 लाख रुपयांची तरतूद होती, पण ती मुख्यतः आरोपींना शिक्षा होण्याशी जोडलेली. आणि कुठल्याही वाटेवर पहिल्यांदा लागतात ते कागद. शाळेचा दाखला तिच्याकडे नव्हता. वय हाडांच्या तपासणीवरून ठरवलेलं. आधार नाही, म्हणून खातं नाही. खातं नाही, म्हणून रक्कम येणार कुठे? पत्त्याचा रकाना रिकामा असलेले अर्ज मी नोकरीत विनातक्रार परत पाठवत असे. आता त्या रकान्याच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. बालगृहाचा पत्ता टाकू या, असं मी सुचवलं, तर ती ठाम नाही म्हणाली. पासबुक जन्मभर जवळ राहणार. त्यावरचा पत्ता वाचून कुणालाही कळेल ती कुठून आली. बालगृहाचं नाव नसलेला पत्ता, एवढं साधंच तिने मागितलं. मला ते सुचलं नव्हतं.

त्याच सुमारास एका जुन्या कार्यकर्तीने मला 1996 च्या बातमीचा पुढचा भाग सांगितला. त्या नेपाळी मुली कित्येक महिने इथल्या सरकारी सुधारगृहांत अडकून राहिल्या. त्यांना परत घ्यायला त्यांचं सरकार राजी नव्हतं. त्या एचआयव्ही घेऊन येतील, असं तिथे बोललं जात होतं. शेवटी जुलैमध्ये काठमांडूच्या काही संस्थांनी 128 जणींना नेलं. त्यांतल्याच काही जणींनी एकत्र येऊन ‘शक्ती समूह’ ही स्वतःची संघटना उभी केली. तिच्या नोंदणीलाही कागदच आडवे आले, कारण नागरिकत्वाचे दाखले त्यांच्याकडे नव्हते. नोंदणी झाली ती 2000 मध्ये. चरीमाया तामाङ या त्यांच्यातल्याच एकीने आपल्याला विकणाऱ्यांवर खटला भरला आणि त्यांना शिक्षा झाली. 2013 मध्ये शक्ती समूहाला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ‘बिचाऱ्या’ म्हणून मी पान उलटलं होतं त्या या बाया.

मग माझ्या त्या विद्यार्थिनीच्या वडिलांचं पत्र आलं: मुलीला घरी न्यायला येतो. मला भरून आलं. मी तिच्यासाठी नवा ड्रेस आणायला निघाले होते. ती म्हणाली, ‘बाबांबरोबर कोण येणार आहे, ते आधी विचारा.’ येणार होता तो गावातला माणूस, ज्याने तिला नोकरीच्या नावाने मुंबईच्या गाडीत बसवलं होतं. बालकल्याण समितीने गृहचौकशी मागवली होती म्हणून हे वेळेत कळलं. कामाठीपुऱ्यात 1986 पासून काम करणाऱ्या ‘प्रेरणा’ संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2002 मध्ये निकाल दिला होता. आई-वडील म्हणून येणाऱ्याच्या हाती पडताळणीविना मुलगी सोपवायची नाही, हे त्यात होतं. मला ती चौकशी तोवर नुसती कागदी दिरंगाई वाटत होती. घर म्हणजे सुखरूप जागा, हा माझा अनुभव होता. तो तिच्यावर लादायचा मला काय अधिकार?

ती अठरा वर्षांची होईपर्यंत थांबली आणि मग स्वतः ठरवून बंगालला गेली. गावी न जाता जवळच्या शहरात शिवणकाम करू लागली. साक्ष तिने तिथल्या न्यायालयात बसून मुंबईच्या न्यायालयापुढे दिली. व्हिडिओवरून साक्ष घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच मान्य केलं आहे. आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. तिला धीर नको होता. ‘तारखा माझ्या मागेपुढे होतात. वकील त्यावरच धरेल ना?’ मी म्हटलं, ‘आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. आठवतं तेवढंच सांग.’ तिने तेवढंच सांगितलं. निकाल अजून लागायचा आहे. भरपाईचा काही भाग आला, त्याची तिने मुदत ठेव केली. तिथे नव्याने सुटलेल्या मुलींची खाती उघडायला आता ती त्यांच्याबरोबर बँकेत जाते. अर्ज अडला की मला फोन करते आणि कामाचं बोलून ठेवून देते.

एक गोष्ट सांगायला संकोच वाटतो. तिने माझे कधी आभार मानले नाहीत, आणि सुरुवातीची बरीच वर्षं मी त्यांची वाट पाहत होते. किती हेलपाटे घातले, किती रांगांत उभी राहिले, हे मनात कुठेतरी मांडून ठेवत होते. एकदा सहज तिला म्हणाले, ‘तुझ्यासाठी केवढं केलंय आम्ही!’ ती हसून म्हणाली, ‘टीचर, तुम्ही पण वही ठेवलीत?’

घरवालीने तिच्या नावावर कर्ज लिहिलं होतं, मी उपकार लिहीत होते. रक्कम वेगळी, मांडणी तीच. तिच्याकडे भरपूर माया घेऊन जाणाऱ्या मला हे कळायला तिच्याच एका वाक्याची गरज पडली.

तेव्हापासून बालगृहात नवीन स्वयंसेविका आली की अधीक्षिकाबाईंच्या सूचनेला मी माझी एक जोडते: मुलीने धन्यवाद म्हटलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, आणि दिलेला वेळ मोजू नका. ऋण म्हणायचं तर ते माझ्याकडे निघतं. कर्जाचे अर्ज तपासण्यात आयुष्य घालवूनही कर्ज माणसाला कसं बांधतं, हे मला ठाऊक नव्हतं. ते तिने शिकवलं, आणि त्याचा हिशेब तिने कधी ठेवला नाही.