अंकांची ओळख

हायस्कुलात इतिहास आणि मराठी शिकविणाऱ्यास पहिलीचा वर्ग म्हणजे विश्रांतीच, अशी आमची समजूत होती. २०२३ च्या पावसाळ्यात आमच्या प्राथमिक विभागातील एक बाई रजेवर गेल्या आणि दोन महिने तो वर्ग आमच्याकडे आला. पहिल्याच आठवड्यात ती समजूत पावसाच्या पाण्याबरोबर वाहून गेली.

मुले तरतरीत होती. एक ते शंभर अंक ती एका सुरात म्हणत. ते ऐकून आम्ही प्रसन्न झालो. परंतु फळ्यावर ७ लिहून "हा कोण?" असे विचारताच निम्मा वर्ग एकापासून पुटपुटू लागला; सात चिंचोके आणावयास सांगितले, तर कोणी पाच आणले, कोणी मूठभर. आरती पाठ असावी आणि तिच्यातील शब्दांचा अर्थ ठाऊक नसावा, तसे हे झाले. त्यातच अंकांची रूपे फसवी. १ आणि ९ चटकन वेगळे ओळखू येत नाहीत. आणि मराठी ४ तर इंग्रजी आठाचा जुळा भाऊच! बसच्या पाटीवरील आठाला मुले बिनदिक्कत चार म्हणत.

शेवटी पुस्तक मिटून आम्ही खेळाकडे वळलो. बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून सभागृहातच सव्वीस मुलांचे रिंगण केले. मुलांनी धावावयाचे, आम्ही तोंडाने काही न बोलता अंकाची पाटी उंच धरावयाची, आणि मुलांनी तेवढ्या-तेवढ्यांचे गट करावयाचे. जी मुले उरतील ती बाद नव्हेत. पुढची पाटी त्यांनी निवडावयाची. त्यामुळे उरण्यातही मौज वाटू लागली.

एके दिवशी ६ ची पाटी वर गेली. एका कोपऱ्यात सात मुले गोळा झाली, शेजारी पाचच. तेव्हा वर्गात सहसा तोंड न उघडणारी एक मुलगी पुढे झाली. त्या सातांच्या डोक्यांवर एकेक हात ठेवीत ती मोजू लागली, "एक, दोन, तीन, चार, पांच, स..." आणि सातव्या मुलाचा हात धरून तिने त्याला पाचांच्या गटात नेऊन उभे केले. दोन्ही गट बिनचूक झाले. पण वर्ग हसला. "स! स!"

ते हसू आमच्या ओळखीचे होते. आम्हीही कोकणी घरातले. लहानपणी वर्गात आमच्या तोंडून स, णव, धा असे निघाले की असेच हसू उठे. पुढे आम्ही मोठ्याने मोजणेच सोडून दिले होते. आणि याच मुलीला गेले पंधरा दिवस आम्ही काय करीत होतो? तिने स म्हटले की "सहा म्हण" एवढेच सांगत होतो. पुढे ती पाचावरच थांबू लागली, आणि आम्ही वहीत शेरा लिहिला, "अंक येत नाहीत." अंक तिला येत होते. पुढचा शब्द घरचा आहे आणि तो येथे चालत नाही, हेही तिला कळले होते.

शेरा आम्ही खोडला. दुसऱ्या दिवशी सहा चिंचोके मांडून विचारले, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" सहा, स, छह अशी उत्तरे आली, एका कानडी घरच्या मुलाने आरु म्हटले. नावे चार झाली, चिंचोके मात्र सहाच राहिले. त्यानंतर कोणी हसले नाही. आणि सहा हा शब्दही सर्वांनी आपणहून उचलला.

हे खेळ आमच्या बुद्धीतून निघाले, असे नव्हे. १९०७ मध्ये रोम येथे पहिले बालगृह उघडणाऱ्या मारिया मॉंटेसरी यांचा एक खेळ आहे. मुलांनी चिठ्ठ्या उचलावयाच्या आणि चिठ्ठीतील अंकाइतक्या वस्तू आणावयाच्या. एका चिठ्ठीवर मात्र ०. आमच्याकडे शून्य मिळालेल्या मुलाने पहिल्या दिवशी मूठभर चिंचोके आणले. रिकाम्या हाताने बसणे त्याला अपमानाचे वाटले! चौथ्या दिवशी मात्र तो हाताची घडी घालून ऐटीत बसला. असे शिक्षण महागड्या साधनांवाचून होते, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबाडास पाने, बिया, शिंपले वापरून दाखवून दिले.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या घरी धाकटे भावंड असेल, तर सुटीत मूठभर चिंचोके घेऊन त्याच्याशी हा खेळ खेळा. ते चुकले, तर हसू मात्र नका. आधी त्याने मोजले काय, ते पाहा.

आमच्या त्या वर्गातील शेवटच्या दिवशी ती मुलगी खेळात उरली. तिने ९ ची पाटी निवडली, "नऊ!" असे मोठ्याने म्हटले, आणि मग आमच्याकडे वळून हळूच म्हणाली, "णव."

आम्हीही हळूच म्हटले, "णव."