विजेची चोरी, वेदांची चोरी

मालवण, श्रावण

रिक रायर्डन यांचं 'द लाइटनिंग थीफ' आज वाचून संपवलं. 2005 साली आलेली ही कुमारांसाठीची कादंबरी. नायक पर्सी जॅक्सन बारा वर्षांचा. त्याला अक्षरं नीट लागत नाहीत, शाळा त्याला टिकू देत नाहीत. आणि हा मुलगा निघतो ग्रीक समुद्रदेव पोसायडनचा! स्वतःच्या मुलाला वाचनाची अशीच अडचण होती, त्याच्यासाठी रायर्डन यांनी ही गोष्ट रचली. म्हणून तिच्यातली माया खरी वाटते.

कादंबरीत देवराज झ्यूसचं वज्र चोरीला जातं, तिथे मला आपला संकासुर आठवला. कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रांत दशावताराचं लोकनाट्य उभं राहतं. त्यात वेद चोरणारा काळ्या वेशातला संकासुर मालवणीत बोलतो, लोकांना हसवतो आणि शेवटी विष्णूकडून मारला जातो. लिखित संहिता नसते. नट जागच्या जागी संवाद रचतात. देवांना आजच्या बोलीत बोलतं करण्याची जी किमया रायर्डननी न्यूयॉर्कमध्ये साधली, ती आमचे दशावतारी पिढ्यान् पिढ्या साधत आले आहेत.

लेखिका रोशनी चोक्षी यांनी 2018 मध्ये 'आरू शाह'च्या कथेत पांडवांना आजच्या मुलींच्या रूपात आणलं. मग वेतोबा, सातेरी, रवळनाथ या आमच्या देवतांच्या प्रदेशातलं असं साहस मराठीत का नसावं? नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देणाऱ्या मुलांना समुद्रदेवाची ओळख करून द्यावी लागत नाही. मालवणच्या लिहित्या तरुणांनो, ही कादंबरी तुम्हीच लिहा.