फेटा आणि शिरस्त्राण

चैत्र शुद्ध प्रतिपदेची सकाळ उजाडली म्हणजे गिरगावचे रूप पार पालटून जाते. चाळींच्या कठड्यांवर गुढ्या उभ्या राहतात, गल्लीच्या तोंडाशी रांगोळ्या पडतात आणि फडके गणपतीच्या परिसरात ढोलताशांचा पहिला ठोका घुमतो. शोभायात्रेत लेझीम असते, चित्ररथ असतात. परंतु रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दाटीवाटीने उभ्या राहिलेल्या माणसांच्या नजरा वाट पाहत असतात ती दुचाकीस्वार स्त्रियांची. नऊवारी लुगडे, नाकात नथ, डोळ्यांवर काळा चष्मा, मस्तकी भगवा किंवा गुलाबी फेटा, आणि हाताखाली धडधडणारी बुलेट! हे वाहन हिंदुस्थानात जुळू लागले ते १९५५ साली, मद्रासला. आणि तेही लष्कराच्या गरजेपोटी. नऊवारीचा कासोटा या वाहनाला चांगलाच अनुकूल पडतो. एके काळी ज्या कासोट्याने स्त्रिया घोड्यावर मांड ठोकीत, त्याच कासोट्याने त्यांच्या नाती-पणती आज बुलेटवर बसतात. ते दृश्य पाहून ऊर भरून येणार नाही असा गिरगावकर विरळाच.

मिरवणुकीत या गाड्या मुंगीच्या पावलाने चालतात. तेथे फार तर दोनशे किलोंच्या आसपासचे ते धूड तोलता तोलता हात भरून येतात, इतकेच. खरा धोका मिरवणुकीत नसतोच. तो असतो मिरवणुकीच्या आधी आणि नंतर. पहाटे दादर, परळ, लालबाग येथून निघालेले मैत्रिणींचे व मित्रांचे तांडे गिरगावकडे येतात, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग मोकळा असतो. डोक्यावर फेटा आधीच बांधलेला असतो, कारण तो बांधणारा एकच आणि बांधून घेणारे पंचवीस! आता फेट्यावर शिरस्त्राण बसणार कसे? आणि फेटा सोडावा, तर पुन्हा बांधणार कोण? एवढ्याशा अडचणीपायी पंचवीस मस्तके उघडी राहतात.

उघडी म्हटल्यावर कोणी हरकत घेईल. फेटा म्हणजे चांगली सहा-सात वार कापडाची गुंडाळी. मग ती डोक्याचे रक्षण का करणार नाही? कारण असे, की शिरस्त्राणाचे खरे काम त्याच्या आतल्या बाजूस चालते. बाहेरचे कठीण कवच आघात पसरवून टाकते, आतील थर्माकोलसारखा थर स्वतः चिरडून जातो, आणि तो चिरडला जाताना मेंदूला बसणारा हिसका सौम्य होतो. हनुवटीखालचा पट्टा त्याला जागेवरून हलू देत नाही. फेटा पहिल्याच धक्क्याला निसटतो. शिवाय त्याचा मागे सोडलेला शेमला, किंवा खांद्यावरचा पदर, चाकात अथवा साखळीत ओढला जाण्याची भीती राहते ती वेगळीच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने पगडी परिधान करणाऱ्या शीख स्वारास शिरस्त्राणाच्या सक्तीतून वगळले आहे. हौसेच्या फेट्याला ती सवलत नाही. मुंबईत तर ९ जून २०२२ पासून मागे बसणाऱ्यालाही शिरस्त्राण घालावे लागते.

या सक्तीच्या मुळाशी एक दूरची करुण कथा आहे. 'अरेबियाचा लॉरेन्स' म्हणून जगाला ठाऊक असलेला इंग्रज वीर १३ मे १९३५ रोजी मोटारसायकलवरून घरी परतत होता. रस्ता खोलगट होता. पुढे सायकलवर दोन मुले होती. त्यांना वाचवावे म्हणून त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. डोक्यावर काही नव्हते. रणांगणातून सुखरूप परतलेला तो पुरुष सहा दिवसांनी मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्या मृत्यूने ते अस्वस्थ झाले. पुढे महायुद्धात निरोप पोहोचविणारे कितीतरी दुचाकीस्वार शत्रूच्या गोळीवाचून रस्त्यावरच मरत आहेत, हे त्यांनी १९४१ साली आकड्यांनिशी दाखवून दिले आणि ब्रिटिश सैन्याने आपल्या दुचाकीस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. शिरस्त्राणामुळे अपघातातील मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असे त्यानंतर अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेले अनुमान आहे.

पण तांड्याने जाण्यातला धोका शिरस्त्राणाने पुरता टळत नाही. तो निराळ्याच जातीचा आहे. एकटा स्वार रस्त्याकडे पाहतो. तांड्यातला स्वार पुढच्या मित्राच्या पाठीकडे पाहतो. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे काही फार वेग नव्हे. पण त्या वेगाने गाडी एका सेकंदात १० मीटर पुढे जाते. पुढच्याने ब्रेक दाबला हे डोळ्यांना दिसून हात-पाय हलेपर्यंत सेकंद निघून जातो. हँडलला हँडल लावून, गप्पा मारीत चाललेल्या दहा जणांपैकी एक अडखळला की मागचे पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळतात. त्यातून शेवटच्या गड्याची स्थिती अधिकच बिकट. ठाकूरद्वारच्या नाक्यावर पुढचे सहा जण हिरव्या दिव्यात निघून जातात, याच्यापुढे दिवा लाल होतो. मागे पडलो तर सारे हसतील, या धास्तीने तो लाल दिवा ओलांडतो आणि पुढच्यांना गाठण्यासाठी त्यांच्याहूनही अधिक वेगाने गाडी पिटाळतो. पुढच्यांना मात्र आपण अगदी हळू चाललो आहोत असेच वाटत असते!

दहीहंडीच्या दिवशी याच रस्त्यांवर हा प्रकार अधिक ठळकपणे दिसतो. श्रावणातला पाऊस, निसरडा रस्ता, एका गाडीवर तिघे. थर लावताना हेच गोविंदा किती शिस्तीने वागतात! कोणाचा पाय कोणाच्या खांद्यावर, हे ठरलेले; शिट्टी वाजल्यावाचून कोणी हलायचे नाही. अलीकडे पुष्कळ ठिकाणी वरच्या थरावर चढणाऱ्याला शिरस्त्राण घालतात, कमरेला दोर बांधतात. त्यानंतर पुढच्या हंडीकडे निघताना तेच शिरस्त्राण कोणाच्या तरी कोपरात लोंबकळत असते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्या दिवशी जखमी गोविंदांसाठी खाटा राखून ठेवतात.

मुरलेले स्वार तांड्याने जात नाहीत असे नाही. ते निघण्यापूर्वी थांबण्याच्या जागा ठरवतात : आधी भारतमातेपाशी, मग ऑपेरा हाऊसपाशी. म्हणजे कोणी मागे राहिला तरी त्याला धावावे लागत नाही. सर्वांत नवखा स्वार ते म्होरक्याच्या लगेच मागे ठेवतात आणि त्याच्याच वेगाने सारे चालतात. एक डावीकडून तर त्याच्या मागचा थोडा उजवीकडून, मध्ये दोन सेकंदांचे अंतर सोडून. शेजारी शेजारी मात्र कोणीच नाही. आणि फेटा? तो पिशवीत. फेटे बांधणाऱ्यालाच गिरगावात आधी पोहोचायला सांगितलेले असते.

दुपारी उन्हे तापली की शोभायात्रा पांगते. अत्तर-फुलांचा वास विरतो, ढोल टेम्पोत चढतात. खाडिलकर रोडच्या एखाद्या चाळीपुढे सात-आठ जणी गाड्या उभ्या करून फेटे उतरवतात. कपाळावर त्याचा लालसर वळ उमटलेला असतो. फेट्याची घडी पिशवीत जाते, हँडलला अडकवलेले शिरस्त्राण डोक्यावर चढते, हनुवटीखाली पट्टा टक्‌ असा वाजतो. गॅलरीतून एक चिमुरडी हिरमुसून ओरडते, "फेटा का काढलास ग, ताई?" ताई मान वर करून हसते, पण आता तिचा चेहरा अर्धाच दिसतो. मग एकेक गाडी सुरू होते. नाक्यावर दिवा लाल असतो. दोघी पुढे गेलेल्या, बाकीच्या अलीकडेच थांबलेल्या. पलीकडे गेलेल्या दोघी रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन, एक पाय जमिनीला टेकवून, उरलेल्यांची वाट पाहत उभ्या राहतात.