वाकळ आणि कडी

मराठी घरात जिला वाकळ म्हणतात, तिलाच आमच्या सीमाभागातल्या कानडी घरात कौदी म्हणतात. जुनी लुगडी, विरलेली धोतरे एकावर एक अंथरायची आणि कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचे. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका तिला कवंदी म्हणतात. चारही कोपऱ्यांना त्या कापडाच्या त्रिकोणी घड्या शिवतात, त्यांचे नाव 'फूल'. फुलांवाचून कवंदी उघडी दिसते, असे त्यांचे म्हणणे.

हे सांगायचे कारण, गेली चार वर्षे महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटली की आमच्या चित्रकलेच्या वर्गात बायका वाकळ शिवायला जमतात. कल्पना आमच्या सौभाग्यवतींची. माता-पालकांच्या सभेत आया भिंतीला टेकून बसत. काही विचारले की, "काही नाही सर," एवढेच. मी हे घरी सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही फळ्यापुढे उभं राहून विचारता. त्यांच्या हातात काम द्या, मग बघा."

सतरंजी घातली. जुनेर प्रत्येकीने घरून आणायचे, एवढाच नियम. हाताला काम असले की नजर खाली राहते आणि समोरासमोर जे निघत नाही ते टाक्याटाक्याला निघते. कुणाच्या घरचे कर्ज, कुणाचे सातवीत सुटलेले शिक्षण. मी ऑफिसात वेळापत्रक घेऊन बसतो. मला फक्त गलका ऐकू येतो, आणि तेच बरे.

एक गोष्ट मात्र त्या बाईंना विचारून लिहितो. नवरा जाऊन सहा महिने झाले होते. तीन शनिवार त्या नुसता दोरा ओवून देत होत्या. चौथ्या शनिवारी पिशवीतून त्याचा निळा शर्ट काढला, कात्री उघडली आणि तशाच बसून राहिल्या. शेजारी एक कानडी अक्का होत्या. त्यांना मराठी बेताचेच येते. त्यांनी बाही ताणून धरली आणि कानडीतच म्हणाल्या, मी धरते, तू काप. मग दोघी संध्याकाळपर्यंत बोलत होत्या, एक मराठीत, दुसरी कानडीत. खिसा तेवढा कापला नाही. तो उघड्या तोंडानेच वाकळेच्या मधोमध शिवला. आता नातू त्यात चिंचोके ठेवतो.

एका हितचिंतकांनी सुचवले, प्रदर्शन भरवा, नंबर काढा. सूचना चांगल्या मनाने केली होती. शाळेत आम्हालाही नंबरांवाचून काही सुचत नाही. बायकांनी ती हसून उडवली. "नंबर आला की शेजारणीचा टाका बघत बसायचं, बोलणार कोण?" असे एक मावशी म्हणाल्या. त्यांची मागणी वेगळीच होती : वर्गातला पंखा दुरुस्त करा आणि दाराला आतून कडी बसवून द्या.

पंख्याचे काम अजून व्हायचे आहे. कडी त्याच आठवड्यात बसवली.