तराजूची पारख

देवीस वाहावयाच्या चार तोळ्यांच्या पाटल्या आम्ही घरच्या जुन्या तराजूत जोखल्या, तो सोनाराने सांगितलेल्या वजनाहून तीन गुंजा कमी भरल्या. मनात नको ती शंका आली. वडील शांतपणे म्हणाले, “आधी तराजू पारखून पाहा, मग माणूस.” रिकाम्या तराजूचा काटा मध्यावरच होता. मग सोने व वजने यांची पारडी बदलली. आता त्याच पाटल्या तीन गुंजा अधिक! दोष सोन्यात नव्हता, दांडीच्या असमान बाहूंत होता. दोन्ही तोलांचा मध्य काढता सोनाराचाच शब्द खरा ठरला. तोळ्यात ९६ गुंजा. एक गुंज सुमारे ०.१२ ग्रॅम. एवढ्याशासाठी आम्ही एका सचोटीच्या माणसास मनोमन चोर ठरविले होते. पाटल्या देवीपुढे ठेवताना आमची मान आपोआप खाली गेली.